मेडोलार्क क्रॉसिंगमधले गवत व माझी इतर मिळकत यांबाबत

मी, ऑर्लीन रूथ क्लॅसन, कै. व्हर्जिल क्लॅसन यांची पत्नी, वय ७९, धंदा केस कापणे (गुडघ्यांमुळे आता बंद), राहणार मेडोलार्क क्रॉसिंग वसाहत, न्यूटन गावाबाहेर, कॅन्सस, माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे, आणि ते लिहिताना त्यांच्या मानेवर माझा वस्तरा अजिबात नव्हता. तो आदल्या दिवशी होता. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. मुलीने प्रयत्न केला, पण फोनवरून दडपण आणणे अवघड असते.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे व्हर्जिलला ठेवले होते. तो आधी गेला. ते रद्द समजावे.

१. माझी एकुलती एक मुलगी पेट्रा, राहणार डेन्व्हर, हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. तिने वकीलबाई थीसन यांचे ऐकावे. माझे ऐकले नाही तरी या वेळी मला कळणार नाही.

२. माझे राहते घर, त्याखालच्या व त्यापुढच्या जमिनीसह, मी पेट्राला देते. घर स्वकष्टार्जित आहे. व्हर्जिलने विजेच्या खांबांवर चढून आणि मी तळघरात लोकांचे केस कापून ते घेतले. घरात धंदा करायला सोसायटीची बंदी आहे. ही बंदी लिहिणाऱ्या पाचही जणांचे केस मीच कापत असे, त्यामुळे ते कलम कधी अंमलात आले नाही.

पेट्राने घर ठेवावे किंवा विकावे. विकताना एक अडचण येईल. घरावर सोसायटीने दंडाचा बोजा चढवला आहे. पेट्राला त्याची हकिगत अर्धी ठाऊक आहे, आणि तीही तिच्या वडिलांच्या बाजूची. म्हणून इथे पुरी लिहिते. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, मृत्युपत्रात एवढं कोणी लिहीत नाही." मी म्हणाले, "तुम्ही कॉफी घ्या. मी लिहिते."

३. बोजाची हकिगत.

वसाहत नवी होती तेव्हा इथे सगळा चिखल होता. ज्याने त्याने आपापल्या दारापुढे गवत लावले आणि घरमालकांची सोसायटी झाली. तिचे गवताचे कलम माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिले गेले, मी भाजलेला पीचचा केक खात. एका बाजूला व्हर्जिल, दुसऱ्या बाजूला समोरच्या घरातला गॉर्डन स्प्रॅग. गॉर्डन तेव्हा शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणाला, आठ इंचांपर्यंत गवत चालेल. व्हर्जिल म्हणाला, चार. आठ इंच म्हणजे गुरं चारायची आहेत का, असेही म्हणाला. शेवटी सहावर जमले. पुढील अंगणातील गवत सहा इंचांपेक्षा उंच असू नये, असले तर नोटीस, मग दंड, मग बोजा. पेट्रा, हे नीट वाच. ज्या कलमाने तुझ्या घरावर बोजा आला, ते तुझ्या बापाने लिहिले आहे.

आणि तो ते पाळायचा. दर शनिवारी गवत कापायच्या गाडीवर बसून सरळ पट्टे मारायचा, एक इकडे झुकलेला, एक तिकडे. पट्टा वाकडा गेला तर पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या वाढदिवशी त्याने मला रस्त्यापलीकडे नेऊन उभे केले आणि म्हणाला, "बघ." मी बघितले. गवत होते.

इतरांनाही त्याने सोडले नाही. शेजारच्या घरात देल्फीना ओचोआ राहायला आली तेव्हा ती बाळंतीण होती, नवरा दूर कुठे तेलाच्या विहिरींवर कामाला. तिचे गवत वाढले. व्हर्जिलने नोटीस स्वतः नेऊन दारावर चिकटवली आणि सोबत मोजपट्टी लावलेला फोटो. त्या संध्याकाळी तो केस कापायला बसला तेव्हा मी त्याचे अर्धेच डोके कापले आणि कात्री ठेवून दिली. रविवारी तो तसाच चर्चमध्ये गेला. तिथे कुणी विचारले तर म्हणायचा, "ऑर्लीन रागावली आहे." का ते त्याने कुणाला सांगितले नाही, आणि नोटीसही परत घेतली नाही. देल्फीनाने मांडीवर मूल घेऊन एका हाताने गवत कापले. नाताळात तिने आमच्याकडे मक्याच्या पानात वाफवलेले तमाले पाठवले. व्हर्जिलने आठ खाल्ले. मी त्याच्याकडे बघत होते, म्हणून नववा ठेवला.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून आणले तेव्हा पलंग पुढच्या खोलीत मोठ्या खिडकीशी लावला, कारण त्याला दुसरीकडे कुठे बघायचेच नव्हते. उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. गवत आता मी कापू लागले. तो डाव्या हातात काठी धरून आतून काच वाजवायचा. एकदा वाजवली की पट्टा डावीकडे सरकलाय. दोनदा म्हणजे उजवीकडे. सारखी वाजायला लागली की मी गाडी बंद करून आत जायचे आणि म्हणायचे, "मोडलीस तर खिडकी तू बसवणार आहेस का?" तो हसायचा. अर्ध्या तोंडाने हसायचा, पण पुरते हसायचा.

एप्रिलमध्ये एका शनिवारी मी गाडी काढली तर काच इतकी वाजली की मला वाटले, गेला. धावत आत गेले. तो म्हणाला, "कापू नकोस."

"का?"

"ससीण. मधोमध. पहाटे खड्डा करत होती. पोटाचे केस उपटून आत घालत होती."

मी बाहेर जाऊन बघितले. खरेच, अंगणाच्या बरोबर मध्ये वाळलेल्या गवताचे झाकण होते, माझ्या तळहाताएवढे. उचलले तर आत पिल्ले, डोळे मिटलेली, एकमेकांवर रचल्यासारखी. झाकण परत ठेवले.

"गवत वाढेल," मी म्हणाले.

"वाढू दे."

"नोटीस येईल, व्हर्जिल."

"येणारच. कलम मीच लिहिलंय. मला माहीत आहे त्यात काय आहे."

"देल्फीनाचं मूल होतं तेव्हा?"

त्याने काठी काचेला टेकवली. मग म्हणाला, "ते मी खिडकीतून बघितलं नव्हतं." हे उत्तर मला तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही. पण त्याने टाळले नाही, एवढे त्याच्या नावावर लिहिते.

गवत वाढले. गॉर्डन तोवर सोसायटीचा अध्यक्ष झाला होता. मूल वर्गात हुशार असो की मठ्ठ, पेपर सारखाच तपासणारा माणूस. नोटीस आली. मग दुसरी आली. मग तो स्वतः आला, हातात टोपी धरून. व्हर्जिलच्या पलंगाशी बसला आणि म्हणाला, "बाबा रे, तू चार इंच म्हणाला होतास. मी आठ म्हणत होतो. आठ केले असते तर आज मी इथे आलो नसतो."

व्हर्जिल म्हणाला, "मग मी चुकलो. खोड ते."

"खोडायला सभा लागते. दोन तृतीयांश घरं लागतात."

"मग दंड कर."

"करावाच लागेल. तुला सोडलं तर उद्या कुणाला कापायला सांगू?"

"बरोबर आहे," व्हर्जिल म्हणाला. "पण यंत्र पाठवू नकोस."

गॉर्डन माझ्याकडे वळला. "ऑर्लीन, पिल्लं उचलून मागच्या अंगणात ठेवली तर?"

"तुला उचलून मागच्या अंगणात ठेवू का?" मी म्हणाले. "आणि केस कापायला दुसरीकडे जात जा."

तो गेला. मॉलमधल्या दुकानात केस कापून घेऊ लागला. मागून बघितले तर वाटायचे, बटाटा घाईत सोललाय.

यंत्र मात्र आलेच. नियमाप्रमाणे सोसायटी ठेकेदाराचा माणूस पाठवते आणि खर्च मालकावर टाकते. सकाळी ट्रक दारात उभा राहिला. मी घाबरले, हे लपवत नाही. व्हर्जिल काच वाजवू लागला. मी तळघरात गेले आणि सलूनची खुर्ची, ती पाय दाबून वर-खाली होणारी, पायरी पायरी करत वर ओढली. ती कशी आणली मला आठवत नाही. गुडघ्यांना आठवते. खुर्ची अंगणात घरट्याशेजारी ठेवली आणि बसले.

ट्रकमधला माणूस म्हणाला, "बाई, मला एवढंच काम दिलंय."

"कर की. मी कुठे अडवलंय? मी बसलेय."

तेवढ्यात देल्फीना आपल्या दारातून बाहेर आली. माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "उठा. माझे केस वाढलेत."

"इथे?"

"इथेच. खाली तळघरात बंदी आहे ना? अंगणाबद्दल कलमात काही लिहिलेलं नाही."

ती बसली. मी आत जाऊन कात्री, वस्तरा, आरसा आणि चादर आणली. तिचे झाले तोवर कोपऱ्यावरची आणखी एक जण येऊन उभी राहिली. ट्रकमधल्या माणसाने यंत्र बंद केले, सिगारेट ओढली आणि विचारले, "माझेही होतील का?" मी त्याचे कापले, मानेवरचे वस्तऱ्याने काढले, तो आरशात बघून खूश झाला आणि निघून गेला. सोसायटीला त्याने काय सांगितले ते त्याला ठाऊक. मग रस्ता ओलांडून गॉर्डनची बायको मार्लिस आली. सरळ खुर्चीत बसली. गॉर्डन आपल्या गॅरेजच्या दारात उभा राहून बघत होता आणि मार्लिस त्याच्याकडे बघत म्हणाली, "ऑर्लीन, चांगले आखूड कर."

व्हर्जिल खिडकीत इतका हसला की मला आत जाऊन त्याला पाणी पाजावे लागले.

पिल्ले मोठी झाली आणि एकेक करून निघून गेली. त्याने सगळी जाताना बघितली, असे तो म्हणायचा. शेवटचे पिल्लू खिडकीखाली येऊन बसले होते, असेही म्हणायचा. त्यानंतरही मी गवत कापले नाही. वाऱ्यात ते सगळे एका अंगाने झोपायचे आणि उठायचे. तो म्हणाला, "एवढी वर्षं मी हे कापत होतो." जूनमध्ये तो गेला.

४. गॉर्डन स्प्रॅग याच्याविषयी माझी तक्रार.

व्हर्जिलला पुरून, चर्चमध्ये लोकांबरोबर हॅमचे बन आणि कॉफी घेऊन मी घरी आले तर अंगण कापलेले. पट्टे सरळ. एक इकडे, एक तिकडे. वाटेवर गॉर्डन उभा, चर्चची काळी पँट गुडघ्यापर्यंत हिरवी झालेली.

मी विचारले, "कोणाला विचारून?"

"व्हर्जिलला."

"कधी?"

"कलम लिहिलं त्या वर्षी. जो आधी जाईल त्याचं अंगण दुसऱ्यानं कापायचं. पाहुणे यायच्या आत. असं ठरलं होतं आमचं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुला सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

मी आत गेले आणि दार लावले. तो व्हर्जिलला दिलेला शब्द पाळत होता हे मला तेव्हाही कळले. पण ते गवत व्हर्जिलने शेवटपर्यंत बघितले होते, आणि त्याच्यामागे मला त्याच्या पलंगावर बसून ते बघायचे होते. गवत पुन्हा वाढते. त्याने बघितलेले ते गवत पुन्हा वाढणार नव्हते. देल्फीनाने दार ठोठावले, आत आली आणि माझ्याजवळ बसली. ही तक्रार मी मागे घेत नाही. कोणत्याही वारसाने ती माझ्या वतीने मागे घेऊ नये.

५. नवे कलम.

मग मी ठरवले की कलम बदलायचे. वकीलबाई म्हणाल्या होत्या, दोन तृतीयांश घरे कधी येत नाहीत, सभेला लोक डोनटसाठी येतात आणि डोनट संपले की जातात. पण जो येत नाही त्याच्या मताचे मुखत्यारपत्र चालते. तेव्हा मी जाहीर केले की जो मुखत्यारपत्र देईल त्याचे केस फुकट. त्या उन्हाळ्यात मेडोलार्क क्रॉसिंगमध्ये सगळ्यांच्या मानगुटी सारख्या दिसायच्या. काही टकल्यांनीही सह्या दिल्या. त्यांच्या मी भुवया नीट केल्या. याला लाच म्हणतात असे पेट्राचे मत आहे. असेल.

मसुदा मी लिहिला: अंगणात घरटे वा बीळ असल्यास पिल्ले जाईपर्यंत गवत कापण्याची सक्ती नाही. देल्फीनाने वाचून कागद परत दिला.

"काय झालं?" मी विचारले.

"ससे ठीक आहेत," ती म्हणाली. "पण मी ससा नव्हते, तरी मला नोटीस आली होती."

मी पेन तिच्या हातात दिले. तिने खाली लिहिले: तसेच घरात आजारी माणूस वा तान्हे मूल असल्यास.

सभेत गॉर्डन विरोधात बोलला. म्हणाला, सवलत दिली की प्रत्येकाच्या अंगणात ससा निघेल. लोक हसले. मग त्यानेच, अध्यक्ष म्हणून, माझी सगळी मुखत्यारपत्रे तपासली. दोन सह्या शंकास्पद होत्या, त्या मला दाखवल्या आणि माझ्यासमोर बाजूला ठेवल्या. तरीही पुरेशी झाली. तो उभा राहिला आणि म्हणाला, "ठराव मंजूर." मग लगेच, कुणी टाळी वाजवायच्या आत, "आजपासून लागू. मागचे दंड कायम."

खोलीत सगळे माझ्याकडे बघू लागले. मी डोनट घेतला.

पुढच्या आठवड्यात तो तळघराच्या पायऱ्या उतरून आला आणि खुर्चीत बसला. मागचे केस कुणीतरी कुरतडल्यासारखे होते. मी चादर बांधली. तो म्हणाला, "नेहमीसारखे." मी म्हणाले, "नेहमीसारखे कापायला काही शिल्लक तर पाहिजे." एवढेच बोलणे झाले. त्यानंतर गुडघे बंद पडेपर्यंत दर महिन्याला यायचा. दंडाचे नाव त्याने काढले नाही, मीही नाही. बोजा तसाच आहे.

६. गवत कापायची गाडी. ही मी गॉर्डनला देणार होते. वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला काही देता येत नाही. मी गॉर्डनला फोन केला आणि विचारले, "गाडी पाहिजे की साक्षीदार व्हायचंय? एकच मिळेल." त्याने विचार केला. मग म्हणाला, "साक्षीदाराला वाचायला मिळतं का?" मी म्हणाले, मिळेल. "मग गाडी दुसऱ्या कुणाला दे," तो म्हणाला. म्हणून गाडी देल्फीनाला. तिने ती वापरावी, विकावी, किंवा तिच्यावर कोंबड्या बसवाव्यात. कोंबड्यांना सोसायटीची बंदी आहे, हे तिला ठाऊक आहे.

७. सलूनची खुर्ची चर्चच्या तळघरात ठेवावी, पाद्रीबुवांना नको असली तरी. कात्र्या व वस्तरा पेट्राला. पेट्रा, पुढचे केस स्वतः कापू नकोस. तू लहानपणीही कापलेस आणि डेन्व्हरला जाऊनही कापतेस, व्हिडिओ कॉलवर दिसते. व्हर्जिलचा खांबावर चढायचा चामडी पट्टाही तुझा. तो टाकू नकोस, त्याला अजून तुझ्या बापाचा वास येतो.

८. बँकेतली शिल्लक निम्मी पेट्राला, निम्मी चर्चच्या स्वयंपाकघराला, या अटीवर की गाजराच्या कोशिंबिरीत बेदाणे घालणे बंद व्हावे.

९. मला व्हर्जिलशेजारी पुरावे. जागा घेतलेली आहे. फार गाणी नकोत.

१०. दंड. पेट्राला वाटेल की मी हयातीत भरला नाही म्हणजे तो मान्य नव्हता. तसे नाही. आम्ही नियम मोडला. जाणूनबुजून मोडला, व्हर्जिलने डोळे उघडे ठेवून मोडला, आणि त्याची किंमत असते हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. मी भरला नाही, कारण मला तो घरावर ठेवायचा होता. रोज टपाल घ्यायला बाहेर जाताना मला माहीत असायचे की या घरावर सशांचा बोजा आहे. आता तो माझ्या मिळकतीतून पूर्ण भरावा. घासाघीस करू नये. माफी मागू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि त्यातला एकही शब्द वकीलबाईंच्या सांगण्यावरून काढलेला नाही. खालील दोघांसमोर मी सही करत आहे, आणि ते दोघे माझ्यासमोर.

(सही) ऑर्लीन रूथ क्लॅसन

साक्षीदार १: (सही) नोला बार्टेल, वकीलबाईंच्या कार्यालयात नोकरी.

साक्षीदार २: (सही) गॉर्डन स्प्रॅग, निवृत्त शिक्षक, अध्यक्ष, मेडोलार्क क्रॉसिंग घरमालक सोसायटी. (त्याने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेले, वकीलबाईंच्या हरकतीनंतरही, मी तसेच ठेवत आहे: "सर्व वाचले. चौथ्या कलमाशी सहमत नाही. दंडाची पावती, मी असलो तर, मीच फाडून देईन.")

ठिकाण: न्यूटन, कॅन्सस
तारीख: १९ ऑक्टोबर २०२३